सेंद्रिय दुधाचा हिशेब गव्हाणीपासून

हिंगोली जिल्ह्यात कापडाचा धंदा करून आता तीस वर्षे होत आली. अलीकडे दुकानाच्या गादीवर कापडाइतकीच दुधाची चर्चा होऊ लागली आहे. शिवणकाम करणारे, रंगारी, लहान दुकानदार, घरी पूर्वीपासून एखाददुसरे जनावर असणारे असे आपले अनेक बांधव विचारतात, "भाई, शहरात सेंद्रिय दुधाला जास्त पैसे मिळतात म्हणे. दोन-चार गायी घेतल्या तर जमेल का?" तयार कपड्यांनी आणि घरपोच येणाऱ्या मालाने लहान धंद्यांची कंबर मोडली असताना जोडधंद्याचा विचार मनात येणे काही गैर नाही.

परंतु या विचारामागे बहुतेकांच्या मनात एक गैरसमज असतो. सेंद्रिय दूध म्हणजे गायीला इंजेक्शन द्यायचे नाही, औषध द्यायचे नाही, बाजारातला कारखानी खुराक घालायचा नाही, की झाले सेंद्रिय! म्हणजे काय काय बंद करायचे त्याचीच यादी. त्या बदल्यात काय काय करायचे, याचा विचार कोणी करत नाही. या चुकीची किंमत आधी गाय मोजते आणि नंतर मालक. आमच्या घरी ती मोजली गेली आहे, म्हणून हा लेख.

मेजवानीने मेलेली गाय

काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. घरामागच्या गोठ्यात दिवसाला बारा लिटर दूध देणारी एक संकरित गाय होती. रात्री पाहुणे गेल्यावर भात, रोट्या आणि मळलेली कणीक बरीच उरली. अन्न वाया जाऊ नये म्हणून घरातल्याच कोणीतरी चांगल्या मनाने दोन घमेली भरून गव्हाणीत ओतली. गायीनेही ती आवडीने फस्त केली.

पहाटे गाय खाली बसलेली. डावी कूस फुगलेली, दात खात होती, शेण पातळ आणि आंबट वासाचे. डॉक्टरसाहेब दहाच्या सुमारास आले. त्यांनी प्रयत्नांची शर्थ केली, पण दिवस मावळायच्या आत गाय गेली. मी म्हणालो, "कोणी काही विषारी घातले असेल का?" ते म्हणाले, "भाई, दुसऱ्या कोणी काही घातले नाही. तुमच्या मेजवानीनेच तिला मारले."

त्या भातात आणि कणकेत रसायनाचा एक कणही नव्हता. सर्व घरचे, ताजे, माणसाने खाण्याजोगे. तरीही गाय गेली. सेंद्रिय दुधाचा विचार करणाऱ्याने ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पदार्थ शुद्ध असणे वेगळे आणि तो गायीच्या पोटाला मानवणे वेगळे.

गायीचे पोट कसे चालते

गायीच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला कप्पा सर्वात मोठा. त्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात आणि कडबा, गवत कुजवून त्यापासून गायीचे पोषण करतात. म्हणजे आपण गायीला चारतो तेव्हा आधी या जीवांना चारत असतो. गाय दिवसातून सात-आठ तास रवंथ करते आणि त्यावेळी शंभर लिटरच्या वर लाळ गिळते. ही लाळ सोड्यासारखी असते, ती पोटातील आंबटपणा मारते. लांब काड्यांचा चारा असेल तरच भरपूर रवंथ होतो आणि भरपूर लाळ सुटते.

भात, पोळ्या, पीठ, भरडलेले धान्य एकदम जास्त गेले की ते झपाट्याने आंबते. पोटात आम्ल साचते, उपयोगी जीव मरतात, आम्ल रक्तात उतरते. मोठ्या प्रमाणात झाले तर जनावर एका दिवसात जाते. थोड्या प्रमाणात रोज होत राहिले तर मालकाला कळतही नाही. फक्त दुधातील फॅट उतरते, गाय खूर दुखल्यासारखी चालते, भूक कमी-जास्त होते. मग मालक औषधाच्या दुकानात चकरा मारतो. दुखणे असते गव्हाणीत आणि इलाज शोधतो बाटलीत.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर औषध म्हणजे रफू. रफू कितीही सफाईदार केला तरी कच्च्या सुताचे थान टिकाऊ होत नाही. चारा-पाणी आणि निगा हे मूळ सूत आहे.

नियम काय सांगतात

आपल्या देशात केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून आहे. पशुपालनासाठीचे नियम त्यात २०१५ पासून लागू झाले. पुढे २०१७ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सेंद्रिय खाद्यपदार्थांचे नियम केले आणि 'जैविक भारत' हे चिन्ह आणले. लहान उत्पादकाने थेट ग्राहकाला विक्री केली तर प्रमाणपत्रातून सूट ठेवलेली आहे. पण प्रमाणपत्र नसताना ते चिन्ह लावता येत नाही.

परदेशातील नियमही पाहण्यासारखे आहेत. युरोपात सेंद्रिय गायीच्या रोजच्या खाण्यातील कोरड्या भागापैकी किमान ६० टक्के वाटा वैरणीचा असावा लागतो. विण्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तो ५० टक्क्यांपर्यंत आणता येतो. अमेरिकेत २०१० च्या नियमानुसार गाय वर्षातून किमान १२० दिवस चरली पाहिजे आणि त्या काळात किमान ३० टक्के खाणे कुरणातून मिळाले पाहिजे.

औषधाबाबत युरोपात आजारी गायीला प्रतिजैविक देता येते, पण त्यानंतर नेहमीपेक्षा दुप्पट दिवस तिचे दूध सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. अमेरिकेत प्रतिजैविक दिलेली गाय सेंद्रिय कळपातून कायमची बाहेर जाते. मात्र सेंद्रिय हा शिक्का टिकवण्यासाठी आजारी जनावराचा उपचार रोखणे अमेरिकेच्या नियमातही मनाई आहे. म्हणजे कोणताही नियम "गाय तडफडू द्या, पण औषध देऊ नका" असे सांगत नाही. नियमाचे सांगणे असे, की औषधाची वेळच क्वचित यावी अशा रीतीने गाय सांभाळा.

आपल्या गव्हाणीचा हिशेब

साधारण ४०० किलो वजनाची, दिवसाला सहा लिटर दूध देणारी गाय धरू. तिला सुमारे १५ ते २० किलो हिरवा चारा, पाच किलो कडबा किंवा कोरडी वैरण आणि साडेतीन किलो खुराक पुरतो. खुराकाचा ठोकताळा असा: शरीराच्या गरजेसाठी एक ते दीड किलो आणि प्रत्येक लिटर दुधामागे ४०० ग्रॅम. शिवाय रोज ५० ग्रॅम क्षार मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ. या हिशेबात वैरणीचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास येतो. पोट शांत राहते.

आता तेवढ्याच वजनाची, पण पंधरा लिटर दूध देणारी संकरित गाय धरा. खुराक सात किलोच्या वर गेला. कोरड्या भागाचा जवळजवळ अर्धा वाटा खुराकाचा झाला. म्हणजे गाय नियमाच्या काठावर आणि तिचे पोट आंबटपणाच्या काठावर. खुराक कमी करावा तर ती अंगावरची चरबी झिजवून दूध देते. विल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात असे झाले की खुराकाला तोंड लावत नाही, फक्त कडबा चघळते, श्वासाला गोडसर वास येतो. याला डॉक्टर किटोसिस म्हणतात. पुढे ती वेळेवर माजावर येत नाही आणि वर्षाचा हिशेब कोलमडतो.

म्हणून सेंद्रिय दुधासाठी गाय निवडताना फक्त दुधाचा आकडा पाहू नये. आपल्याकडे किती आणि कसली वैरण आहे ते आधी पाहावे आणि तिला शोभेल अशी गाय घ्यावी. नांदेड, परभणी, हिंगोली या पट्ट्यातील लाल कंधारी गाय दिवसाला तीन-चार लिटरच देते, परंतु ऊन सोसते, साध्या वैरणीवर निभावते आणि संकरित गायीइतकी गोचीड-तापाला बळी पडत नाही. मध्यम दुधाची संकरित गायही चालेल. वीस लिटरची गाय आणून सेंद्रिय करायला निघणे म्हणजे मलमलीचे पोते शिवण्यासारखे आहे.

वैरणीचीही अडचण आहे. आमच्या लहानपणी ज्वारी भरपूर, त्यामुळे कडब्याच्या गंजी गावोगाव दिसत. आता जिल्ह्यात सोयाबीन आणि हळद वाढली, ज्वारी मागे पडली, कडबा महागला. सोयाबीनची गुळी चालते, पण एकट्या गुळीवर गाय राहत नाही. बांधावर दशरथ घास, थोड्या पाण्यात लसूणघास, हत्ती घासाच्या दोन-चार ओळी, आणि मक्याचा मुरघास करून ठेवला तर उन्हाळा निघतो. कोवळ्या हत्ती घासावरच गाय ठेवू नये. त्यातील एक घटक कॅल्शियम अडवून धरतो. सोबत द्विदल चारा हवा.

वैरण सकस करण्यासाठी युरियाची प्रक्रिया करण्याचा सल्ला पूर्वीपासून दिला जातो. साध्या पशुपालनात ती योग्य प्रमाणात उपयोगी आहे, पण सेंद्रिय पद्धतीत युरियाला जागा नाही. आणखी एक इशारा: पाण्याचा ताण पडून खुरटलेली कोवळी ज्वारी जनावराने खाल्ली तर किराळ लागते. ही वनस्पतीच विष तयार करते. त्यात रसायनाचा संबंध नाही, पण जनावर तासाभरात जाऊ शकते.

सरकीची ढेप: आपल्याच धंद्याचा प्रश्न

कापडवाल्याने सरकीबद्दल बोलायलाच हवे. शंभर किलो कापूस जिनिंगमध्ये गेला की सुमारे ३४ किलो रुई निघते, बाकीचा बहुतेक भाग सरकी. तिचे तेल निघाले की ढेप उरते आणि आपल्या भागातील दुधाळ जनावरांचा तोच मुख्य खुराक. दूध दाट येते असा लोकांचा अनुभव आहे.

मात्र दोन गोष्टी पाहाव्या लागतील. पहिली, देशात २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आज ९० टक्क्यांहून अधिक कापूस बीटी आहे. जनुक बदललेल्या पिकाचा खुराक सेंद्रिय नियमांत बसत नाही. म्हणजे बाजारातील सरकीची ढेप घालून 'सेंद्रिय दूध' असे सांगणे खोटे ठरते, मग विकणाऱ्याला ते माहीत असो वा नसो.

दुसरी गोष्ट बुरशीची. ओलसर जागी ठेवलेल्या ढेपेवर, शेंगदाण्याच्या पेंडीवर आणि मक्यावर अशी बुरशी धरते की तिचे विष गायीच्या यकृताला अपाय करते आणि तिथून दुधात उतरते. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. दूध उकळूनही ते जात नाही. दुधात त्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने घेतले. त्यांत ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले. प्रतिजैविकांचे अंश जास्त असलेले नमुने होते ७७. लोक औषधाच्या अंशाला घाबरतात, पण बुरशी लागलेल्या पोत्याकडे त्यांचे लक्ष नसते.

ढेपेचा धंदा करणाऱ्या बांधवांनी म्हणून पोती भिंतीला आणि जमिनीला टेकवून ठेवू नयेत, खाली लाकडी फळ्या असाव्यात, पावसाळ्यात साठा थोडाच करावा. काळी पडलेली, गाठी झालेली, कुबट वासाची ढेप चांगल्या ढेपेत मिसळून विकणे म्हणजे गिऱ्हाईकाच्या गोठ्यात आजार विकणे.

मग पर्याय काय? सोयाबीन आपल्या जिल्ह्यात भरपूर पिकते आणि देशात जनुक बदललेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. परंतु सॉल्व्हंट पद्धतीने तेल काढलेली पेंड सेंद्रिय नियमांत चालत नाही. घाण्यावर दाबून काढलेली हवी. शिवाय सोयाबीन सेंद्रिय शेतातलेच असावे. करडई आणि जवसाची घाण्याची पेंड, तुरीची व हरभऱ्याची चुणी, ज्वारी-मक्याचा भरडा यांतून चांगला खुराक होतो. इथेच आपल्यापैकी कोणाला धंदा दिसावा. लहान घाणा टाकून, शेतकऱ्याचे नाव-गाव लिहून ठेवून, सेंद्रिय शेतातील मालाची पेंड वेगळी विकणारा माणूस तालुक्याला एक जरी निघाला तरी त्याच्या आधाराने अनेक गोठे चालतील.

कास, फरशी आणि हात

दुधाच्या गायीचा सर्वात खर्चिक आजार कासदाह, ज्याला लोक दगडी म्हणतात. औषधांचा मोठा वापर यासाठीच होतो, आणि तो बराचसा निगा राखून टाळता येतो. धार काढण्याआधी कास धुऊन स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावी, प्रत्येक गायीला वेगळे फडके. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपड्यावर घेऊन गाठी दिसतात का पाहावे. निरोगी गाय आधी, आजारी शेवटी. धार काढून झाल्यावर सडाचे तोंड अर्धा तास उघडे राहते. त्या वेळी गाय खाली बसली तर घाण आत शिरते. म्हणून धार झाल्याबरोबर ताजी वैरण घालावी, म्हणजे ती उभी राहून खाते. या युक्तीला एक पैसाही लागत नाही.

बसायची जागा कोरडी असावी. गायीमागे छताखाली ४० चौरस फूट आणि मोकळी जागा त्याच्या दुप्पट असे धरतात. दिवसभर दाव्याला बांधून ठेवण्यापेक्षा मोकळ्या आवारात सोडलेली गाय फिरते, पाहिजे तेव्हा पाणी पिते आणि तिच्या खुरांना त्रास कमी होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सावली आणि चोवीस तास पाणी हेच पहिले औषध. दुभत्या गायीला रोज ६० ते ८० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक.

विण्याआधी ६० दिवस गाय आटवावी. वासराला पहिल्या तासातच चीक पाजावा. अनेक जण तो खरवसासाठी काढून ठेवतात आणि वासरू अशक्त राहते. लसीकरण सेंद्रिय पद्धतीतही चालते. लाळ-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी. २०२२ मध्ये लम्पी रोगाने महाराष्ट्रातील हजारो जनावरे नेली, हे विसरू नये.

दगडीची सुरुवात असेल तर राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ एक घरगुती लेप सुचवते: २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम खाण्याचा चुना एकत्र वाटून, पातळ करून धुतलेल्या कासेवर दिवसातून अनेक वेळा लावायचा. हळद तर आपल्या घरची; वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण ताप आला, कास दगडासारखी झाली, गायीने खाणे सोडले, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवावा. प्रतिजैविक दिले तर वहीत तारीख लिहावी आणि तेवढे दिवस दूध वेगळे काढावे. विल्यानंतर दोन-तीन दिवसांत गाय मान कुशीला वळवून बसली तर कॅल्शियम कमी झाले असे समजावे. ते शिरेतून द्यायला कोणताही नियम आड येत नाही. उशीर मात्र जीव घेतो.

वही आणि इमान

कापडाच्या व्यवहारातील एक उदाहरण देतो. २०२० मध्ये सेंद्रिय वस्त्रांचे जागतिक मानक सांभाळणाऱ्या संस्थेने जाहीर केले, की भारतातील सुमारे २० हजार टन साध्या कापसाला खोट्या कागदांच्या आधारे सेंद्रिय ठरवले गेले होते. कागद तयार करणारे थोडे होते, पण परदेशातील खरेदीदार सर्वांकडेच संशयाने पाहू लागले. दुधाच्या धंद्यात ही पाळी आणू नये.

जो बांधव हा जोडधंदा करू इच्छितो त्याने आधी वैरणीचे क्षेत्र किंवा वैरणीचा पक्का पुरवठा पाहावा, मग गाय. सुरुवात दोन गायींनी करावी. रोजचे दूध, खुराक, आजार, औषध, लस, गाभण तारीख यांची वही ठेवावी. कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सल्ल्यासाठी जवळ आहेत. तिथे जाऊन प्रश्न विचारण्यात लाज नाही. प्रमाणपत्र नसेल तोवर ग्राहकाला साफ सांगावे, की गायीला काय चारतो, काय देत नाही, आणि आजारी पडली तर काय करतो. खरे ऐकून घेणारे गिऱ्हाईक कायमचे राहते.

रोज सकाळी गोठ्यात जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात. बसलेल्या गायींपैकी निम्म्या तरी रवंथ करत आहेत का? शेण थापीसारखे पडते आहे की पातळ, दाणे दिसणारे? आणि गव्हाणीत काय उरले आहे? या तीन गोष्टी ठीक असतील तर डॉक्टरची गरज कमी पडेल.

आमच्या गोठ्यात आता दोन गायी आहेत. घरात कार्य असले की उरलेला भात आणि कणीक त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून गोठ्याच्या दाराला त्या दिवशी कुलूप लावतो आणि किल्ली माझ्या खिशात असते. पाहुणे हसतात, पण एक गाय घालवून शिकलेला धडा आहे.